किक हलकी पडतेय? इंजिन उघडायच्या आधी कॉम्प्रेशन कुठून जातंय ते शोधा

"गाडीनं कॉम्प्रेशन सोडलंय, इंजिन करावं लागेल." हे वाक्य ऐकून घाबरलेला माणूस माझ्या गॅरेजवर दर आठवड्याला येतो. कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमधल्या हवा-पेट्रोलवर पडणारा दाब. आमचा फलटण-बारामतीकडचा ऊसपट्टा. इकडं गाड्या दूध वाहतात, खताची पोती वाहतात, शेताच्या वाटेची धूळ खातात. बहुतेक गाड्या १०० सीसीच्या. म्हणून खाली जे लिहितोय ते मुख्यतः जुन्या हिरो होंडाच्या ९७.२ सीसी इंजिनाबद्दल आहे, म्हणजे १९८५ साली आलेली सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर आणि त्याच घराण्यातल्या पुढच्या गाड्या. तपासण्याची रीत मात्र कुठल्याही सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोकला लागू पडते.

एक गोष्ट आधीच सांगतो. "कॉम्प्रेशन गेलं" म्हणून इंजिन उघडलेल्या कितीतरी गाड्यांना उघडायची गरजच नव्हती. आणि ज्यांना होती, त्यांचं कारण न शोधता नुसता ब्लॉक (पिस्टन ज्यात खालीवर होतो तो सिलिंडर) बदलला, तर नवा ब्लॉकही त्याच वाटेनं जातो.

लक्षणं

किकवर पाय ठेवून हळूच दाबा. चांगल्या इंजिनात मध्येच एक अडसर लागतो आणि पायाला उलटा धक्का जाणवतो. कॉम्प्रेशन गेलेल्या गाडीची किक पाण्यात पाय घातल्यासारखी खाली जाते.

सकाळी पंधरा-वीस किका मारल्याशिवाय गाडी चालू होत नाही. चालू झाली तर आयडलला टिकत नाही. चढावर तिसऱ्या गियरला जायची ती दुसऱ्याला येते. अ‍ॅव्हरेज पडतं. डबलसीट घेतली की गाडी "वढत" नाही.

आता यातला बारीक फरक बघा, कारण अर्धं निदान इथंच होतं. सकाळी गार असताना गाडी पटकन चालू होते, पण दहा किलोमीटर जाऊन चहाला थांबलात आणि नंतर चालू होईना, तर पहिला संशय टॅपेटवर घ्या, म्हणजे व्हॉल्व्ह (गॅस आत-बाहेर सोडणारी झडप) आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट ठरवणाऱ्या स्क्रूवर. इंजिन तापलं की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, आणि टॅपेट आवळलेलं असेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. उलट, सकाळी फार त्रास, एकदा तापली की बरी, शिवाय अ‍ॅक्सिलेटर पिळला की निळसर धूर आणि ऑइल कमी होतंय, अशी सगळी तक्रार असेल तर रिंग-ब्लॉककडे बोट जातं. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची, गॅस अडवणारी कडी.

धुराबद्दलही नीट बघा. अ‍ॅक्सिलेटर दिला की सतत निळा धूर येतो तो रिंगकडून. सकाळी पहिल्या मिनिटाला भपकारा येऊन नंतर बंद होतो, तो बहुतेक व्हॉल्व्हच्या ऑइल सीलकडून, आणि त्यासाठी ब्लॉकला हात लावायची गरज नसते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. थंडीतली पांढरी वाफ म्हणजे नुसती वाफ. धूर दिसला की "रिंग गेल्या" असं सांगून मोकळं होणाऱ्याला विचारा, कुठला धूर आणि कधी.

फुकटच्या तपासण्या

सगळ्यात आधी क्लच. लोक चक्रावतात, पण या इंजिनात किकची ताकद क्लचमधूनच क्रँकपर्यंत, म्हणजे पिस्टन हलवणाऱ्या दांड्यापर्यंत, जाते. क्लच केबल जास्त ताणलेली असेल किंवा प्लेटा झिजल्या असतील तर क्लच घसरतो, किक हलकी पडते आणि वाटतं कॉम्प्रेशन नाही. क्लचच्या दांडीला टोकाशी साधारण एक-दोन सेंटिमीटर मोकळीक हवी. नसेल तर केबल ढिली करा आणि पुन्हा किक दाबून बघा. दोन मिनिटांत किक जड झालेल्या गाड्या मी पाहिल्यात.

मग प्लग. हातानं हलतोय का? प्लगच्या बुडाशी काळा ओलसर वर्तुळाकार डाग आहे का? असेल तर तिथूनच हवा जातेय. प्लग काढायच्या आधी त्याच्या भोवतीची धूळ फुंकून टाका. ती आत पडली तर ब्लॉकवर सँडपेपरसारखं काम करते. प्लग परत लावताना पहिले आटे बोटांनीच फिरवा, पाना नंतर. प्लग बसतो ते सिलिंडरवरचं झाकण म्हणजे हेड. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले की नवाच खर्च उभा राहतो.

तिसरं, ऑइल. डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे आवळायचे नाहीत. आवळून बघितलं तर काडी जास्त खोल बुडते आणि ऑइल आहे त्याहून जास्त दिसतं. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर हवी. या इंजिनात सगळं मिळून लिटरच्या आतबाहेर ऑइल असतं. त्यातलं दोनशे मिली कमी झालं तर पाचवा हिस्सा गेला. ट्रॅक्टरला दोनशे मिलीनं काही होत नाही, इथं होतं. "ऑइल तर आहे की" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी त्याच्याच हातानं काडी टेकवायला लावतो.

चौथं, एअर फिल्टर. डबा उघडा, फिल्टर बाहेर काढून उजेडाकडं धरा. फाटलाय का, कडेची रबरी पट्टी नीट बसलीय का? मग डब्यापासून कार्बोरेटरकडं जाणाऱ्या रबरी नळीच्या आत बोट फिरवा. बोटाला बारीक लाल माती लागली, तर ब्लॉक का झिजला याचं उत्तर तुमच्या बोटावर आहे. डब्यात ऑइल साचलेलं दिसलं तर तेही लक्षात ठेवा. इंजिनाच्या पोटातली हवा ब्रीदरच्या नळीनं इकडं येते, आणि रिंगमधून गॅस खाली उतरत असला की ती ऑइल घेऊन येते.

गाडी वर्ष-सहा महिने बंद होती का, हेही विचारा. बंद गाडीत रिंगा चिकटतात, व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवर) गंज धरतो. अशा गाडीला प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी प्लग काढलेल्या अवस्थेतच सावकाश किक फिरवा, मग पुढचं बघा. कित्येकदा दोन-चार दिवस चालवल्यावर कॉम्प्रेशन आपोआप परत येतं.

टॅपेट: इथं सगळ्यात जास्त गाड्या सुटतात

एक दूधवाले काका आले होते, दोन्ही बाजूंना कॅन लावलेली स्प्लेंडर घेऊन. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्यांना "फुल इंजिन", म्हणजे क्रँकसकट सगळं उघडून करायचं, असं सांगितलं होतं. किक खरंच ओघळत होती. कॉम्प्रेशन मोजायच्या गेजवर ७० पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच दाबाचं माप). मी म्हटलं, गाडी रात्रभर इथंच राहू द्या. सकाळी गार इंजिनावर टॅपेटची झाकणं काढली. इनटेक, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह, ठीक होता. एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, रॉकर बोटांनी धरून हलवला, तर तसूभर हालचाल नाही. फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) ०.०५ मिमीची पट्टी टोकसुद्धा आत घालेना. टॅपेट सोडून मापावर आणलं, तीन किका मारून बघितल्या आणि गेज लावलं. १४५. काकांचा विश्वास बसेना म्हणून त्यांनाच किक मारायला लावली.

हे का होतं? गिऱ्हाईक तक्रार करतं, "टिकटिक आवाज येतोय." आवाज बंद करायचा सोपा मार्ग म्हणजे टॅपेट आवळणं. आवाज जातो, गिऱ्हाईक खूश. पण या घराण्याच्या जुन्या इंजिनांना गार असताना इनटेक-एक्झॉस्ट दोन्हीला ०.०५ मिमी फट लागते, वहीच्या पानापेक्षाही पातळ. ती शून्य झाली की रॉकर व्हॉल्व्हला जरासा उघडाच धरून ठेवतो. त्या चिरेतून जळता गॅस सुसाट जातो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जाळतो. शिवाय वापरात व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू खोल बसत जातो, त्यामुळं कुणी हात नाही लावला तरी फट आपोआप कमी होते. म्हणून थोडा टिकटिक आवाज असलेली गाडी मला जास्त आवडते. अजिबात आवाज नसलेल्या टॅपेटची मला काळजी वाटते.

करायचं कसं? इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. हेडवरची दोन्ही झाकणं काढा, डाव्या बाजूच्या कव्हरवरच्या दोन्ही टोप्या काढा. पान्यानं क्रँक घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवत इनटेकच्या रॉकरवर नजर ठेवा. तो व्हॉल्व्ह दाबून परत वर आला की त्यानंतर मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाला फिरणाऱ्या चाकावरची) जी पहिली 'टी' खूण खिडकीत येईल, ती कॉम्प्रेशनची. खूण एका रेषेत आली पण रॉकर दाबलेले वाटले, तर तुम्ही चुकीच्या फेरीवर आहात, अजून एक पूर्ण फेरा द्या. फिलर गेजची पट्टी आत-बाहेर करताना हलका ओढा लागला पाहिजे. नट आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पट्टी परत घालून बघाच. नव्या मॉडेलांचं माप वेगळं असू शकतं, आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा धरा.

फिलर गेज घ्यायला फार पैसे लागत नाहीत. गाडी स्वतः बघायची हौस असेल तर पहिलं हत्यार हेच घ्या.

कॉम्प्रेशन गेज आणि त्यातल्या दोन फसवणुकी

टॅपेट मापात असूनही किक हलकी असेल तर गेज. इंजिन थोडं गरम करा. प्लग काढून त्याच्या टोपीत घाला आणि हेडच्या धातूला टेकवून ठेवा. ठिणगीला वाट मिळाली नाही तर इग्निशनच्या डब्याला त्रास होतो. शक्यतो इग्निशन बंदच ठेवा. चोक लावलेला नको. अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळून धरायचा, कारण तो बंद असेल तर सिलिंडरमध्ये हवाच पुरती येत नाही आणि आकडा खोटाच कमी दिसतो. मग काटा वर चढायचा थांबेपर्यंत दमदार किका मारा, सहा-आठ पुरतात.

माझ्या गेजवर धडधाकट इंजिन १५० ते १७५ पीएसआय दाखवतं. १२० च्या वर असेल तर गाडी निमूट चालते. १०० च्या खाली आली की किकचा त्रास सुरू होतो. काटा पहिल्या किकेला किती चढतो तेही बघा. पहिल्या किकेला थोडा, मग प्रत्येक किकेला टप्प्याटप्प्यानं चढत गेला तर बहुतेक रिंगा. सुरुवातीपासून तिथंच अडला तर बहुतेक व्हॉल्व्ह.

आता पहिली फसवणूक. या इंजिनात पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा आहे जेमतेम १२ मिलीच्या आसपास. स्वस्तातल्या काही गेजमध्ये हवा अडवणारा व्हॉल्व्ह नळीच्या घड्याळाकडच्या टोकाला असतो. म्हणजे अख्खी नळी इंजिनाच्या पोटाचा भाग होते. वीतभर नळीत पाच-सहा मिली जागा सहज असते. १२ च्या जागी १७-१८ मिली झाले की चांगलं इंजिनसुद्धा ११० दाखवेल. कारला हा फरक जाणवत नाही, १०० सीसीला जाणवतो. नळीच्या प्लगकडच्या टोकात पिन दिसते का बघून मगच गेज घ्या. माझ्याकडं असं एक गेज होतं आणि त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवून मी एक हेड विनाकारण उघडलं होतं. त्या गिऱ्हाइकाकडून मजुरी घेतली नाही, पण त्याचा दिवस गेला तो गेलाच.

दुसरी फसवणूक ओल्या टेस्टची. आकडा कमी आला की प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून परत गेज लावायचं. आकडा वाढला तर दोष रिंगचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा. तत्त्व बरोबर आहे. पण पुष्कळ जण कॅननं भडाभडा ऑइल ओततात. १२ मिलीच्या जागेत ५ मिली ऑइल गेलं तर त्या ऑइलनंच जागा अडवली, कॉम्प्रेशन वाढणारच, रिंगा कशाही असोत. औषधाच्या दुकानातून साधी सिरिंज आणा आणि २ मिली मोजून सोडा. त्यातही वीस-पंचवीस टक्के वाढ नुसत्या अडलेल्या जागेमुळं दिसू शकते, ती धरायची नाही. ८० वरून १४० वर उडी गेली तर रिंगा. ८० वरून ९५ झालं तर व्हॉल्व्हकडंच बघा.

या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा आहे, तेव्हा सोडलेलं ऑइल खालच्या भिंतीवर साचतं. भोकावर फडकं धरून तीन-चार सावकाश किका मारा, म्हणजे ते सगळीकडं पसरेल, मग गेज. तोंड समोर नेऊ नका, ऑइलची पिचकारी डोळ्यात जाते.

काही मोठ्या इंजिनांत किक हलकी व्हावी म्हणून कॅमवरच प्रेशर सोडायची सोय असते. तिथं हे आकडे लावू नका. आणि डिझेल इंजिनाला, म्हणजे ट्रॅक्टर किंवा पंपाच्या इंजिनाला, पेट्रोलचं गेज कधीही लावू नका. तिथलं प्रेशर कितीतरी पट जास्त असतं, गेज फुटतं.

हवा कुठून जाते ते कानानं ऐका

ही तपासणी मला सगळ्यात प्रिय आहे, कारण यात अंदाज उरतच नाही. जुन्या प्लगचं पोर्सेलीन फोडून त्याच्या लोखंडी मानेत टायरच्या व्हॉल्व्हचा तुकडा ब्रेझिंग करून घ्या. पिस्टन कॉम्प्रेशनच्या 'टी' खुणेवर आणा, टॉप गियर टाका, एकाला मागचा ब्रेक दाबून उभं करा आणि पंक्चरच्या कॉम्प्रेसरनं ४०-५० पीएसआय हवा द्या. ब्रेक धरला नाही तर पिस्टन खाली ढकलला जातो आणि चाक फिरतं, म्हणून बोटं चेनपासून लांब.

आता ऐका. सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कार्बोरेटरच्या तोंडाशी, तर इनटेक. ऑइल भरायच्या भोकातून जोरात, तर रिंगा आणि ब्लॉक. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावा, फुगे आले तर पॅकिंग किंवा ढिले नट. ऑइलच्या भोकातून थोडी हवा चांगल्या इंजिनातही येते, रिंगच्या दोन टोकांमध्ये थोडी फट, म्हणजे तोंड, असतंच. चालू इंजिनात झाकण काढून भकभक बघून निर्णय देणारे असतात, त्यांचं ऐकू नका. सिंगल सिलिंडरचा पिस्टन खालीवर होताना ती भकभक होणारच.

घरी करणाऱ्यानं इथं थांबायचं

याच्यापुढं हेड उतरवावं लागतं. टॉर्क पाना, टायमिंगच्या खुणांची माहिती आणि पूर्वी कुणाच्या तरी हाताखाली केलेलं काम, यातली एक जरी गोष्ट नसेल तर इथं थांबा आणि आतापर्यंतचे आकडे कागदावर लिहून चांगल्या मेकॅनिककडं जा. तो कागद तुमचे पैसे वाचवतो. "कोरडं ८०, ओलं ९०, हवा सायलेन्सरमधून" असं लिहून आणणाऱ्या माणसाला कुणी फुल इंजिन सांगत नाही.

एका परिस्थितीत तर एकही किक न मारता थांबा. गाडी चालता चालता अचानक बंद पडली, खडखड आवाज झाला आणि नंतर किकेला काहीच विरोध नाही. टायमिंग चेन सुटली असेल, व्हॉल्व्ह वाकला असेल किंवा आत एखादा तुकडा पडला असेल. अशी गाडी ढकलस्टार्ट करायला गेलात तर वाचलेला ब्लॉकही जातो. टेम्पोत घालून आणा.

हेड उतरवल्यावर

दोष व्हॉल्व्हचा निघाला असेल तर हेड उलटं धरून त्याच्या खळग्यात पेट्रोल ओता, मोकळ्या हवेत, जवळ विडी-काडी नको. पाच मिनिटं थांबून पोर्टमध्ये बॅटरीचा उजेड टाका. व्हॉल्व्हच्या कडेवर आधी ओलसर चकाकी येते, मग मोहरीएवढा थेंब फुगतो आणि ओघळतो. तो थेंब गिऱ्हाइकाला दाखवतो मी. नंतर काही समजावून सांगावं लागत नाही.

व्हॉल्व्हची कड नुसती काळवंडलेली असेल तर पेस्टनं घासून बसते. घासल्यावर सीटवर अखंड करड्या रंगाची रेघ दिसली पाहिजे, साधारण मिलिमीटरभर रुंद, कुठंही तुटलेली नको. कड जळून खाच पडली असेल तर व्हॉल्व्ह नवा. सीट खोल गेली किंवा गाईडमध्ये (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीत) व्हॉल्व्ह डुलतोय, तर हेड लेथवाल्याकडं, सीट कटिंगसाठी. हे काम हातानं होत नाही.

ब्लॉकचं बघताना वरच्या कडेच्या जरा खाली नखाची कड फिरवा. पिस्टन जिथं वळतो तिथं झीज जास्त होते, त्याच्या वर न झिजलेला काठ राहतो. नख त्या काठाला अडकलं तर ब्लॉक झिजलाय. पण नखावर पैसे खर्च करू नका, मोजा. रिंग सुटी काढून पिस्टननंच ब्लॉकमध्ये सरळ ढकला आणि तिच्या तोंडातली फट फिलरनं बघा. नव्या रिंगची फट ०.१ ते ०.३ मिमीच्या आसपास असते. अर्धा मिलिमीटर ओलांडला की रिंग संपली. तीच रिंग ब्लॉकमध्ये असताना खालून बॅटरी लावा. रिंगच्या बाहेरून चंद्रकोरीसारखा उजेड दिसला तर ब्लॉक लंबगोल झालाय, नव्या रिंगा त्यात बसणारच नाहीत. या इंजिनाचा मूळ बोर, म्हणजे ब्लॉकचा आतला व्यास, ५० मिमी. लेथवाल्याकडून बोर गेजनं वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी माप घ्या. पिस्टन आणि ब्लॉकमधली फट ०.१ मिमीपर्यंत गेली की नुसत्या रिंगांवर भागवायचा विचार सोडा.

सुरुवातीच्या काळात मी गिऱ्हाइकाचे पैसे वाचवायला म्हणून झिजलेल्या ब्लॉकमध्ये नुसत्या रिंगा टाकून दिल्या होत्या. दोन महिन्यांत तोच धूर. पैसे वाचले नाहीत, दुप्पट गेले. तेव्हापासून माप घेतल्याशिवाय रिंगा विकत आणत नाही.

मग करायचं काय: हाफ, फुल की दुसरं इंजिन

दोष फक्त हेडचा असेल आणि ब्लॉक मापात असेल तर फक्त हेड करा. "उघडलंच आहे तर ब्लॉकपण टाकू" याला मी नाही म्हणतो.

ब्लॉक झिजला असेल तर दोन वाटा. या इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकमध्ये बिडाचा लायनर (आतली नळी) असतो, त्यामुळं रिबोअर होतो, म्हणजे बोर थोडा मोठा कापता येतो. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी, ०.२५ पासून १.०० पर्यंत येतात. किंवा सरळ नवं ब्लॉक-पिस्टन किट. लेथवाला भरवशाचा असेल, होनिंग (कापल्यावर आतून बारीक घासणं) नीट करत असेल तर रिबोअर उत्तम. नसेल तर अधिकृत काउंटरवरून किट घ्या, बिल घ्या. स्वस्त किटच्या रिंगा मऊ असतात आणि वर्षभरात तुम्ही परत याच पानावर येता. आपल्या चाकणला बनणाऱ्या केटीएमसारख्या काही गाड्यांच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो, यामाहाच्या आर१५ चा सिलिंडरही वेगळ्या मिश्रधातूचा. तिथं नेहमीचा रिबोअर चालत नाही, ब्लॉक बदलावाच लागतो.

फुल इंजिन कधी? ब्लॉक काढल्यावर कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली ओढा. आडवी थोडी हालचाल चालते. वर-खाली अगदी किंचित जरी 'टक्' लागली तरी क्रँक करावाच लागेल. नवं कॉम्प्रेशन आलं की त्याचा सगळा मार त्या सैल बेअरिंगवर बसतो, आणि हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये परत इंजिन खाली. क्रँकचं दाबकाम आणि डायल गेजवर सरळ करणं हे काम ज्याच्याकडं प्रेस आहे त्याचंच. हातोड्यानं क्रँक सरळ करणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या.

खर्चाचा अंदाज मागताना तीन रकाने करून मागा: पार्ट, लेथ, मजुरी. मग गाडी आज आहे त्या अवस्थेत विकली तर किती येतील ते काढा. हाफ इंजिनचा, म्हणजे क्रँकला हात न लावता हेड-ब्लॉकच्या कामाचा, खर्च जवळजवळ नेहमीच परवडतो, चेसिस आणि कागद धड असले तर. फुल इंजिन आणि सोबत गियरबॉक्सही, असा आकडा गाडीच्या किमतीच्या अर्ध्यावर गेला की मी थांबायला सांगतो. नोंदणी कधी संपतेय तेही बघा. पंधरा वर्षं झाली की तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. सहा महिन्यांवर ते आलं असेल तर तोही खर्च याच हिशोबात धरा.

दुसरं इंजिन बसवायचा विचार क्रँककेस (क्रँक बसतो ते इंजिनाचं खालचं कवच) फुटली किंवा बेअरिंगची घरं सैल झाली असतील तेव्हाच. भंगारातलं इंजिन स्वस्त दिसतं, पण त्याचा नंबर वेगळा असतो. आरसीवर इंजिन नंबर असतो, तो बदलायला आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. बिल नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर निस्तरायला तुम्हीच, आणि अपघातानंतर विम्याच्या माणसानं नंबर जुळवला तर दावा अडतो. शिवाय त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन किती, ते बसवायच्या आधी गेज लावून बघितलंय का?

काम करून घेताना मेकॅनिकला तीन गोष्टी विचारा. रिंगांची तोंडं १२० अंशांवर फिरवून ठेवली का, पिस्टनवरची 'इन' खूण इनटेककडं आहे का, हेडचे नट फुलीत, टप्प्याटप्प्यानं आवळले का. आणि जुने पार्ट परत मागा. जुना पिस्टन हातात घेतलात की त्याच्या अंगावरचे उभे ओरखडे धुळीची गोष्ट सांगतात. ते दिसले तर एअर फिल्टर आणि त्याची रबरी नळी त्याच दिवशी नवी टाका.

पहिले ५०० किलोमीटर गाडी रेमटवायची नाही, दूध-पोती नाही, एकाच वेगानं लांब पळवायची नाही. ५०० ला ऑइल बदला, टॅपेट परत मापा, गेज लावा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. दूधवाल्या काकांच्या गाडीचं पान माझ्या वहीत अजून आहे: ७०, मग १४५, पुढच्या दिवाळीला १४०. टॅपेट दर तीन महिन्यांनी, ब्लॉक अजून मूळचाच.